पोटातला उजेड

मुशी म्हणजे छोटा शार्क. खोल समुद्रातल्या या काळ्या मुशीचं पोट निळसर उजळतं, ते मिरवायला नव्हे, लपायला. वरून झिरपणाऱ्या उजेडात पोटाचा उजेड मिसळतो, सावली पुसली जाते आणि खालच्याला तिचा पत्ताच लागत नाही. तिची पिल्लं आईच्या पोटातच वाढतात आणि जन्माआधीच उजळू लागतात. हे सगळं मला नवऱ्यानेच शिकवलं, याच बिनखिडकीच्या प्रयोगशाळेत.

आज ताजी मुशी आली होती. तिचा उजेड बघायचा तर दिवा घालवून आधी डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. हे काम आम्ही तिघं करतो. पण माझ्या धाकट्या बहिणीने मळमळतंय म्हणून दांडी मारली होती.

“पडू दे तिला घरी,” नवरा म्हणाला. “आपण दोघं आहोत की.”

मी दाराला आतून कडी घातली, दिवा घालवला आणि स्टुलावर बसून राहिले. ट्रेमधली मुशी काळी ती काळीच.

“हिच्यात काही राम नाही,” मी म्हणाले.

“दम धर जरा.”

मग उजेड दिसला, पण ट्रेमध्ये नाही. समोर उभ्या नवऱ्याच्या शर्टाआड, पोटावर, निळसर आणि मंद.

“अरे, तुझ्या पोटावर काय चमकतंय?”

“कुठे काय?” तो हसला. “तुझं आपलं काहीतरीच.”

मी दिव्याचं बटण चाचपायला वळले. कडी घातलेल्या दाराच्या आत तसाच दुसरा उजेड उभा होता.

“ताई, दिवा नको लावूस,” बहिणीचा आवाज आला.

तिच्या उजेडाच्या आत आणखी एक, इवलासा, हळूच कूस बदलत होता.