जिभेचा ब्रेक

निवृत्तीनंतर ड्रायव्हरकाकांच्या पायांची जाणीवच गेली. चप्पल वाटेत निसटायची, त्यांना पत्ता नसायचा. डॉक्टर म्हणाले, “जीवनसत्त्वाची कमतरता आहे. थायमिनचा मोठा डोस घ्या, पण धीर धरा.” काकू गोळ्या पुढे करत, काका वासाने नाक मुरडत गिळत. परवा जुना कंडक्टर जेवायला आला. घाटात ब्रेक गेल्याची गोष्ट सांगताना काकांनी दरी दुप्पट खोल केली, आणि टेबलाखाली पायाच्या अंगठ्यावर ओळखीचा भार पडला. एका खोलीतल्या नव्या संसारात, पाहुण्यांसमोर काका फुगवून सांगायला लागताच काकू असाच अंगठा दाबायच्या. म्हणायच्या, “तुमच्या जिभेचा ब्रेक माझ्या पायाखाली आहे.” ते दिवस आठवून काका दरीच्या काठावरच गप्प झाले. “थांबलात का?” काकूंनी विचारलं. “तू अंगठा दाबलास ना?” काकूंचे डोळे भरून आले. “अहो, मी तर वर्षभर दाबतेय!”