राजीखुशी

निजामाच्या मोगलाईतली दुपार. शेजारच्या मास्तरांचा कय्यूम टेंभा घेऊन अंगणापलीकडच्या कडब्याच्या गंजीकडे निघाला, तशी गोदावरीनं त्याचा हात धरला. तिरंगा लावणारा तिचा नवरा त्याच गंजीत लपला होता. सांगावं तर गोळी, न सांगावं तर आग.

"सोडा मावशी, हुकूम आहे."

"रझाकार म्हणजे राजीखुशीनं काम करणारा, असं तुझ्या अब्बांनीच सांगितलं होतं. मग तुझी खुशी आहे का रे, लेकरा?"

रस्त्यावरून साथीदार हाका मारत होते. कय्यूमनं गंजीकडे पाहिलं, मग मनगट न सोडणाऱ्या तिच्या हाताकडे. मागे वळून त्यानं टेंभा तिच्याच घराच्या छपरावर फेकला.

"काकांना ओढ्यानं जायला सांगा," तो पुटपुटला.

घर धडाडून पेटलं. बाहेरच्यांची खात्री पटावी म्हणून गोदावरी छाती पिटून रडायला लागली, आणि मग ते रडू खरंच थांबेना.