पाळण्यातला वरवंटा

वरवंटा धुऊन, पुसून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून राधाबाईनं तो पाळण्यात निजवला आणि नेमकी तेव्हाच फिलू नळावरून परत आली.

पाळणा म्हणजे बुटाचा खोका. तो ज्या गोठ्यात होता, तो गोठा म्हणजे आडवी केलेली चहाची पेटी. नाताळ उद्यावर आलेला. शेजारच्या खोलीतली कार्मेलीन कालपासून इस्पितळात बाळंतपणात अडलेली, तिचा नवरा इनास तिच्यापाशी, आणि त्यांची फिलू राधाबाईच्या पदरात. पोरीचा सण बुडू नये म्हणून राधाबाई सकाळपासून राबत होती. भय्याच्या तबेल्यातून गवत आणलं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे माळ्यावरून काढले आणि त्यांचे मेंढपाळ केले. भाला काय नि काठी काय, हातात असलं म्हणजे झालं! मेंढ्या गिरणीतल्या कापसाच्या. चांदणीला कामट्या जुन्या कंदिलाच्या, आणि कागद तिच्या नवऱ्यानं, दत्तारामनं, समितीच्या सभेतून आणलेल्या पत्रकांचा. एका टोकावर ‘झालाच’, दुसऱ्यावर ‘पाहिजे’. फिलूचं काही म्हणणं नव्हतं. चांदणी लाल होती, बास.

पण पाळण्याकडे बघून तिनं कळशी तिथंच टेकवली.

“हे काय ठेवलंस, मावशी?”

“बाळ.”

फिलूनं फडकं उलगडलं. “हा तर वरवंटा!”

“मगे? बारशाक आमी ह्योच घालतो पयलो. रिकामो पाळणो ठेवू नये, बाय.”

“पण तो रिकामाच ठेवतात! बाळ येशू रात्री बारा वाजता येतो. त्याच्या आधी त्यात काहीसुद्धा ठेवायचं नाही. माय म्हणते, जागा भरलेली असली तर बाळ येणार कुठे?”

आली का पंचाईत! रिकामा पाळणा रिकामाच राहतो, हे राधाबाई परकरात होती तेव्हापासून ऐकत आलेली. एरवी म्हटलं असतं, असेल बाबा तुमची रीत. पण कार्मेलीन तिकडे अडलेली असताना इकडे रिकामा पाळणा मांडून बसायचं? आणि पोरगी म्हणते तेही काय खोटं? भरल्या घरात पाहुणा कसा शिरेल?

“देव तुमचो,” ती शेवटी म्हणाली, “पण पाळणो सगळ्यांचोच ना गो?”

फिलूच्या डोळ्यांत पाणी आलं. “तू तो काढ. बाळ आलं नाही तर माय पण नाही येणार.”

तेव्हा कुठे राधाबाईला कळलं, पोर सकाळपासून इतकी गप्प का. आपण एकट्याच घाबरलोय असं इतका वेळ तिला स्वतःला वाटत होतं.

तिनं वरवंटा काढला. गवतात त्याच्या आकाराची खोलगट जागा राहिली. त्या जागेकडे बघवेना, म्हणून तिनं तो परत ठेवला. फिलूनं हुंदका दिला. परत काढला. इकडे आड, तिकडे विहीर! शेवटी तिनं वरवंटा पाट्यावर नेऊन ठेवला, गोठ्यापाशी मांडी घातली आणि आपला उजवा हात, तळवा वर करून, त्या गवतात ठेवला.

“ह्यां चलात?”

फिलू विचारात पडली. हात असला म्हणजे पाळणा भरला की रिकामाच राहिला? मायनं हाताचं काही सांगितलेलं नव्हतं. राधाबाईच्या आईनंही नव्हतं.

“चालेल बहुतेक,” ती म्हणाली.

मग दुपारभर ते तसंच. नेवऱ्यांचं पीठ मळून तयार होतं, सारण झालेलं होतं. राधाबाई बसल्या जागेवरून सांगत राहिली आणि फिलू लाटत, भरत राहिली. मुरड काही जमेना. सारण बाहेर यायचं, आणि बाहेर आलेलं ती खाऊन टाकायची. समोरची बकुळा डोकावून म्हणाली, “काय गो राधाबाय, अंडी उबवूक बसलंस?” राधाबाईनं डाव्या हातानं तिला वाटेला लावलं. हाताला मुंग्या आल्या. खांदा भरून आला. आपण हे देवाचं करतोय की वेडेपणाचं, हेच तिला कळेना, पण हात काढायचा धीरही होईना.

दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजली. इनास दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात, दाढी वाढलेली.

“झील झालो, राधाबाय.”

मुलगा! “बा देवा म्हाराजा!” राधाबाई ओरडलीच.

पण इनासचा चेहरा काही हसेना. तो उंबऱ्यावरच बसला. “बायल बरी आसा. पोर अशक्त आसा. अजून धड रडलांसुद्धा नाय. डॉक्टर म्हणतत, सकाळपर्यंत बघूया.”

राधाबाईला हसावं की रडावं कळेना. बाळ आलं म्हणायचं, की अजून यायचंय? माणूस कालपासून उपाशी होता, एवढं मात्र तिला समोर दिसत होतं. चहा टाकायला हवा. ती उठू लागली, हात गवतातून अर्धा निघाला आणि तिथंच थांबला.

फिलू लाटणं टाकून उठली. पिठाचे हात फ्रॉकला पुसत ती गोठ्यापाशी येऊन बसली आणि राधाबाईचा हात बाजूला होण्याआधीच तिनं आपला हात पाळण्यात घातला.

“तू चहा टाक, मावशी,” ती म्हणाली. “मी बसते.”