सखुबाईचा आवाज

सोमेश्वरनं पुण्यात रॉकचा अल्बम काढला. त्यात गिटारीसोबत घरच्या हळद पॉलिश करायच्या ड्रमचा खडखडाट होता आणि मधूनच आईनं बापाला झापलेलं: "ओ, कानात बोळे घातले का?" तेव्हापासून सखुबाईनं तोंड उघडलं, की किसनराव ताटलीवर ठेका धरत.

"मला न विचारता माझं तोंड गाण्यात घातलं," ती फोनवर कडाडली. "आता कुरुंद्यात मला कुत्रं भीत न्हाई. मी रागावले, की पोरं नाचून राहिली."

"आई, तोच तुकडा लोकाला लई आवडला."

तिनं फोन ठेवला आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी किसनरावांनीच गोठ्याआडून फोन लावला.

"लेका, तेवढं गाणं काढून टाक. मघाशी वाळत्या हळदीवर मुद्दाम तांब्या सांडला, तरी तुझी आई गप."