बोटाची सही

२०२३ साली कमलेशला खडवलीचं शेवटचं शेत बिल्डरला द्यायचं होतं. संमतीपत्रावर फक्त आईची, तुळसाची, सही बाकी होती, तीही फोनच्या पडद्यावर बोटानं. बिल्डरचा माणूस शूटिंग करत होता. तुळसानं भिजलेले वाल सोलता सोलता ओलंच बोट टेकलं. नुसत्या रेघोट्या उठल्या.

"आये, नीट दाब ना! एवढा भारीतला फोन हाये."

"मिठागरात बोटं झिजली रं बाला. तुजा फोन मना वळखत नाय."

आठवडाभर तो माणूस येत राहिला आणि तुळसा वाल सोलत राहिली. तो गेला की हात पदराला कोरडे पुसून ती बहिणीला व्हिडिओ कॉल लावायची.

पुढे बिल्डर पलीकडच्या गावात गेला. कमलेशनं आणखी महाग फोन घेतला. तुळसा दरवर्षी त्याच शेतातल्या भाताचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकते, आणि कमलेशला मुकाट्यानं अंगठा द्यावा लागतो.