ताड्याची उडी

बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात सरांनी फळ्यावर दोनच आकडे लिहिले. समोरच्या संघाचे शॉट एक्केचाळीस, आपले पंचवीस.

"नेम आपला वाईट नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण त्यांचा हुकलेला चेंडू त्यांच्याच हातात जातो, आणि आपला हुकलेलाही त्यांच्याच. मग आपण टाकायचं काय, डोंबल?"

कोणालाच हसू आलं नाही. सगळ्यांच्या नजरा ताड्याकडे वळल्या. संघात सगळ्यांत उंच तोच. गेल्या वर्षीपर्यंत हुकून उसळलेला एकही चेंडू, एकही रिबाउंड, तो बोर्डाखाली सोडत नसे. आता चेंडू रिंगवरून उसळला की त्याचे पाय जमिनीला खिळायचे.

कारण त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सात महिन्यांपूर्वी सरावात असाच एक चेंडू घेऊन खाली येताना त्याचा तोल गेला आणि त्याचं कोपर कप्तानाच्या कानशिलावर बसलं. कप्तान म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा. तिसऱ्या दिवशी तो गेला. बोर्डाखाली झुंबड होती, कोणाला नीट दिसलं नव्हतं. पाय घसरून पडला, असंच सगळे धरून चालले. ताड्याने तोंडाला कुलूप लावलं.

उत्तरार्धातही तेच झालं. संघ सलग सहावा सामना हरला. ताड्याला आता वगळा, असा घोशा सहायक प्रशिक्षकाने लावला. मुलंही कुरकुरू लागली. सरांनी कोणाचंच ऐकलं नाही. उलट रोज सकाळी ते त्याला एकट्याला बोलवायचे, मुद्दाम नेम चुकवून चेंडू रिंगवर मारायचे आणि उडी मार म्हणायचे. तो जागचा हलायचा नाही. ते चेंडू उचलून पुन्हा मारायचे. एका शब्दाने कधी रागावले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताड्याला वाटे.

शेवटी एका सकाळी त्याला राहवलं नाही.

"सर, तो घसरला नव्हता. माझं कोपर लागलं त्याला. माझ्यामुळे गेला तो."

सरांनी हातातला चेंडू खाली ठेवला.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "सामन्यात कोणी पाडायला बघितलं तर तू टिकशील का, ते मला बघायचं होतं. तू हवेत असलास की खाली शिरून तुझे पाय उडवायचे, असं त्या दिवशी मीच त्याला सांगितलं होतं. तो नको म्हणत होता."