तिसऱ्या चादरीचं भोक

"डोळे उघडा, दादा. खिडकीबाहेर काय दिसतं?" यमुना सिस्टरांनी विचारलं.

विषारी दारू प्यायलेली सव्वीस माणसं एकाच गावातून आली होती. बावीस वर्षांपूर्वी याच वॉर्डात, अशीच दारू पिऊन आलेला सिस्टरांचा भाऊ म्हणाला होता, "ताई, सगळं पांढरं दिसतंय." संध्याकाळपर्यंत तो गेला.

रेशनच्या मिठात हे विष पचवणारे जंतू मिसळायला लागल्यापासून देशभरातला बळींचा आकडा दरवर्षी निम्म्याने उतरत होता. पण तेव्हापासून एवढी माणसं एकदम कुठेच आली नव्हती.

पहिला गडी बराच वेळ बाहेर बघत राहिला.

"चादरी वाळतायत," तो म्हणाला. "तिसरीला भोक आहे."

"केवढं?"

"चिमणी जाईल एवढं. सिस्टर, चहा मिळेल का?"

"मेल्या, विष पिऊन यायचं आणि वर चहा मागायचा!" सिस्टर ओरडल्या, आणि डोळे पुसत स्वतःच चहा सांगायला धावल्या.

सव्विसाव्यानेही तेच भोक दाखवलं. सिस्टरांनी दिल्लीला, मिठाची योजना चालवणाऱ्यांना कळवलं, "दगावलं कोणी नाही. डोळे गेले कोणाचे नाहीत."

ते भोक त्यांनी पुढे कधीच कुणाला शिवू दिलं नाही.